न धाडलेला सांगावा

करंजडोह हे गाव नदीच्या वळणावर वसलेले. गावाबाहेर महादेवाचे जुने देऊळ आणि त्या देवळाच्या ओवरीत अचलनाथ महाराज राहत असत. महाराज कुठून आले, कोणत्या कुळातले, हे कुणालाच ठाऊक नव्हते. अंगावर एक जाडेभरडे धोतर, जवळ पाण्याचा तांब्या, एवढाच त्यांचा संसार. ते फार बोलत नसत. पण समोरच्याच्या मनातले त्यांना न सांगता कळे, असा पंचक्रोशीचा अनुभव होता. त्यांच्या कृपेची ही हकिगत भाविकांनी शांत चित्ताने ऐकावी.

गावात शेलारांचे घर मोठे. सासू-सासरे केव्हाच निवर्तले होते, म्हणून घराच्या किल्ल्या थोरली सून द्वारका हिच्या कमरेला असत. द्वारका कामाला खंबीर, बोलायला फटकळ. देवाने तिला सारे काही दिले होते, फक्त तिची कूस उजवली नव्हती. उपास झाले, नवस झाले, वैद्याचे काढे झाले. पुढे पुढे तिने त्याविषयी बोलणेच सोडून दिले.

धाकटी जाऊ सगुणा आईबापाविना वाढलेली, मामाने कसेबसे उजवून दिलेली. नदीवरून पाणी आणताना ती रोज महाराजांचा तांब्या भरून ठेवी, ओवरी झाडून घेई आणि मुकाट्याने घरी येई. द्वारका तिला टोमणे मारी, "घरातला केर पडलाय तसाच आणि ही निघाली बुवाचा केर काढायला." सगुणा हसून केरसुणी उचले. त्या हसण्याने द्वारकेच्या अंगाचा अधिकच तिळपापड होई.

आणि लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सगुणेला दिवस गेले.

त्या दिवसापासून द्वारकेला घरात श्वास घेणे जड झाले. सगुणा चिंच मागे, तिला मळमळे, ती चालताना कमरेवर हात ठेवी. यातले एकेक द्वारकेला आपल्याकडून कुणी हिसकावून नेल्यासारखे वाटे. डोहाळजेवणाला गावच्या बायका जमल्या. सगळा स्वयंपाक द्वारकेने एकटीने रांधला होता. पण ओटी भरायची वेळ आली तेव्हा तबक हातोहात फिरले आणि तिच्या पुढून तसेच पुढे गेले. द्वारका भांडी आवरायच्या निमित्ताने आत गेली आणि चुलीपाशी बसून राहिली.

सगुणेला माहेर नव्हते, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचे होते. एके दिवशी द्वारका देवळात आली असता महाराजांनी तिला हाक मारली. महाराज म्हणाले, "बाई, धाकटीचं बाळंतपण तुझ्या हातून व्हायचंय. तयारी मनापासून कर."

द्वारकेला वाटले, हे आपल्या जखमेवर मीठच चोळताहेत. देवळात चार माणसे बसली होती. त्यांच्यादेखत ती म्हणाली, "बाळंतपणातलं तुम्हाला काय कळतं, महाराज? ना बायको, ना पोर. ती तुमची एवढी सेवा करते, तर तुम्हीच या की सुईण होऊन."

लोक चपापले. महाराज मात्र शांतपणे म्हणाले, "बरं."

द्वारकेने तयारी केली, पण लोकांनी नावे ठेवू नयेत एवढ्यापुरतीच. कोपऱ्यातली खोली सारवली, बाज टाकली, शेगडी काढली. ओवा, सुंठ, डिंक आणून ठेवला. डिंक फोडताना तिच्या मनात येई, हे सारे माझ्यासाठी कुणी कधी फोडणार नाही. मग बत्त्याचा घाव जोरात बसे.

मळणीचे दिवस होते. घरातले पुरुष पहाटेच खळ्यावर गेले होते. दुपारी सगुणेने आतून हाक मारली, "आक्का, पोटात कळ येतेय. ठकूबाईला बोलावता का?"

ठकूबाई ही गावची सुईण, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. द्वारका पदर खोचून निघाली. विहिरीपाशी आली आणि तिचे पाय आपोआप मंद झाले. उद्या या वाटेवरून बायका बाळंतविडे घेऊन येतील. सगुणेच्या मांडीवरचे मूल पाहतील आणि आपल्याला म्हणतील, द्वारकाबाई, जरा पाणी द्या. पहिलटकरीणच तर आहे, तिने मनाशी म्हटले. सोसू दे थोडे. सगळे हिला फुकटच मिळायला हवे का?

ती तिथूनच परतली. "सांगावा धाडलाय," ती दारातूनच म्हणाली. "येईल एवढ्यात."

सगुणेने हात जोडले. "तुम्ही आहात म्हणून मला धीर आहे, आक्का."

द्वारका स्वयंपाकघरात जाऊन बसली. आतून कण्हणे ऐकू येत होते. ते वाढत गेले, मग एकाएकी थांबले. ती शांतता तिला सोसवेना. तिने आत जाऊन पाहिले, तो सगुणेचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि बाळाचे एक पाऊल बाहेर आले होते. बाळ पायाळू होते.

द्वारका तशीच वळली. ती धावत सुटली. ठकूबाईच्या दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "आताच पलीकडच्या वाडीवर गेली बघ. थोडी आधी आली असतीस तर गाठ पडली असती."

आता जायचे कुठे? जिथे जायला तोंड नव्हते तिथेच तिचे पाय वळले. महाराज ओवरीत डोळे मिटून बसले होते, पुढे मंडळी भजन करीत होती. द्वारका पायरीशी कोसळली. तिच्या तोंडून एवढेच निघाले, "महाराज, धाकटी जाते."

महाराजांनी डोळे उघडले नाहीत. ते म्हणाले, "तिकडे पाणी तापलंय. तुझे हात हवेत. घरी जा."

ती घरी पोचली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटली होती, ओव्याचा वास दरवळत होता आणि बाजेपाशी एक म्हातारी बसली होती. केस पांढरे, अंगावर विटलेले लुगडे. वळूनही न पाहता ती म्हणाली, "ये, थोरले. मागे बसून तिला छातीशी धर. सोडू नकोस."

द्वारकेने सगुणेला मागून कवटाळले. कळ आली की सगुणेची नखे तिच्या दंडात रुतत आणि सगुणेचा सारा थरकाप द्वारकेच्या अंगातून जाई. इतक्या जवळून तिने धाकटीला कधी धरलेच नव्हते. म्हातारीचे हात सावकाश चालत होते. अखेर मूल बाहेर आले, पण ते रडेना. म्हातारीने त्याची पाठ चोळली, तोंडात हळूच फुंकर घातली. मग ते रडले.

सगुणा क्षीण आवाजात म्हणाली, "आक्का, तुम्ही वेळेवर सांगावा धाडलात म्हणून आम्ही वाचलो."

"हो," म्हातारी म्हणाली, "हिच्या सांगाव्यानंच तर मी आले." आणि मूल द्वारकेच्या ओंजळीत देऊन ती हात धुवायला परसात गेली.

ती परत आलीच नाही. संध्याकाळी शेजारणीचा निरोप मिळून ठकूबाई आली. तिने नाळ पाहिली, म्हातारीचे वर्णन ऐकले आणि ती थक्क झाली. "एवढं सफाईचं काम कुणाचं? अशी म्हातारी इथल्या कुठल्याच गावात नाही."

दुसऱ्या दिवशी द्वारका देवळात गेली. महाराजांसमोर उभी राहून म्हणाली, "महाराज, मी सांगावा धाडलाच नव्हता."

"ठाऊक आहे," महाराज म्हणाले. "तरी पोचला."

"त्या म्हातारीनं माझं खोटं झाकलं. का?"

"झाकलं कुठं? तू बोलावलंस म्हणूनच मी सुईण होऊन आलो. भर देवळात बोलावलं होतंस."

द्वारका पायांवर पडायला वाकली. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नको. जिच्याशी खोटं बोललीस तिच्या पायांवर डोकं ठेव."

तिने विचारले, "आत अजून जळतंय, महाराज. तिच्या मांडीवर पोर पाहिलं की जळतं. ते जाईल का?"

"इतक्यात जायचं नाही," महाराज म्हणाले. "जळत असलं तरी बाळंतिणीला वेळेवर जेवायला वाढ. वाढताना खोटं बोलू नकोस."

द्वारका घरी आली. बाजेच्या पायथ्याशी बसून तिने विहिरीवरून परत फिरल्याचे सारे सांगितले आणि धाकट्या जावेच्या पायांवर डोके ठेवले. सगुणेचा चेहरा ताठ झाला. तिने बाळाला घट्ट जवळ ओढले आणि भिंतीकडे तोंड फिरवले. द्वारकेने डोके उचलले नाही.

मग बाळ रडू लागले. सगुणेला उठवत नव्हते.

"आक्का," ती म्हणाली, "उठा. त्याला न्हाऊ घालायचंय. माझ्यानं व्हायचं नाही."