शून्य उल्लेखांचा शोधनिबंध

डॉ. रणपिसे म्हणजे भलतेच आकडेबाज गृहस्थ. वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत त्यांनी डॉ. इंदुमती गेडाम यांचा अर्ज दोन बोटांत धरून हलवला.

"बाई, तुमचा एकच शोधनिबंध, आणि गेल्या दहा वर्षांत कुणीही आपल्या निबंधात त्याचा उल्लेख केलेला नाही. शून्य!"

"सर, तुमच्या वॉर्डात नवजात बाळांना औषध किती द्यायचं, हे कशावरून ठरवता?"

"भिंतीवरच्या तक्त्यावरून. सगळीकडे तोच असतो."

"त्याखाली संदर्भ देता?"

"छे! सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टीला संदर्भ कशाला?"

"तो तक्ता माझ्या त्याच निबंधातला आहे, सर. सगळ्यांना पाठ झाला, तेव्हापासून माझं नाव लिहायचं थांबलं."

रणपिशांनी उभं राहून अर्जावर स्वतःच लिहिलेलं शून्य खोडलं. पण त्या जागी कोणता आकडा लिहावा, ते काही त्यांना सुचेना.