बँकेची पायरी

"मग भन्ते, गरिबी हटत का नाही?"

विचारणारा प्रज्योत गावातल्या बँकेचा तरुण शाखाधिकारी. बुरड मोहल्ल्यात त्यानं वर्षभरात घरटी एक खातं उघडून दिलं होतं. जिल्ह्याला त्याचा सत्कारही झाला. तरी मोहल्ल्यातल्या बाया सूप-टोपल्या विणायचं सोडून गिट्टी फोडायला खदानीवर जातच होत्या.

विहाराचं अंगण झाडणाऱ्या, त्याच मोहल्ल्यातल्या शेवंताबाईंना वृद्ध भन्तेंनी हाक मारली आणि तुम्ही बँकेत गेला होतात का, एवढंच विचारलं.

शेवंताबाई दोनदा गेल्या होत्या. गाडीभर बांबू एकदम घेता आला, तर त्यांना नि दोघी सुनांना घरीच काम पुरलं असतं. त्यासाठी कर्ज मागायचं होतं. पण दोन्ही वेळा पायरीवर बसून त्या परत आल्या.

"कोणी हाकललं का?" प्रज्योतनं विचारलं.

"नाही साहेब. हाकललं नाही कोणी... ‘या’ बी नाही म्हटलं."

"अहो, बँक सगळ्यांसाठी उघडी आहे."



"उद्या रजा काढ," भन्ते म्हणाले. "यांच्याजवळ बस."

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंशेजारी तो आपल्याच बँकेच्या पायरीवर टेकला. पाच मिनिटंही झाली नसतील, पहारेकरी धावत खुर्ची घेऊन आला. साहेबांनी असं खाली बसू नये, म्हणाला.

खुर्ची एकच होती.

शेवंताबाई अंग चोरून बाजूला सरकल्या. प्रज्योतला मान वर करवेना. थोड्या वेळानं तो उठला, खुर्ची उचलून आत नेली, शेवंताबाईंना तिच्यावर बसवलं आणि उभ्यानंच, एकेक गोष्ट विचारत, त्यांचा अर्ज भरला.

महिन्याभरात मोहल्ल्यात बांबूची गाडी आली. दोघी सुनांनी खदान सोडली. तिघींच्या कोयत्यांचा आवाज दिवसभर अंगणात घुमू लागला.

गाडी आली त्याच संध्याकाळी प्रज्योत विहारात आला.

"भन्ते, मी स्वतः त्यांना आत नेलं."

भन्तेंनी मायेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग विचारलं,

"आज पायरीवर कोण बसलं होतं?"