मिणमिण दिव्यांचा टेंपो

चिंचफाट्याला रस्त्याच्या कडेला एक दगड होता. दगडाखाली होतं बीळ. बिळात राहायची टोकी.

टोकी म्हणजे चिचुंद्री. एवढीशी. मऊ मऊ. नाक मात्र लांब आणि टोकदार. म्हणून नाव टोकी. ती चालायची तुरुतुरु तुरुतुरु.

टोकीला होती चार पिल्लं. पिल्लं आता मोठी झाली होती. रस्त्याच्या पलीकडे ओला ओला बांध होता, आणि बांधावर गुबगुबीत किडे. उद्या संध्याकाळी पिल्लांना तिकडे न्यायचं, किडे कसे पकडायचे ते शिकवायचं, असं टोकीने ठरवलं होतं.

आज ती एकटीच पलीकडे गेली होती. चहाच्या टपरीपाशी तिला काय सापडलं? एक शंकरपाळी! खुसखुशीत. तिला चार कोपरे, आणि घरी चार पिल्लं. वाटणी किती सोपी! टोकीने शंकरपाळी तोंडात धरली. निघाली घरी. तुरुतुरु तुरुतुरु.

तेवढ्यात टेंपो आला. फट् फट् फट् फट्!

दिवेलागणीची वेळ. अंधार पडलेला. टेंपोचे दिवे अगदी मिणमिण. एकावर चिखल, दुसरा बघतोय झाडाकडे. टोकी त्याला दिसलीच नाही. टोकीने मारली उडी. टुणकन! टोकी वाचली. शंकरपाळी खाली पडली. तिच्यावरून गेलं चाक.

कर्रर्र! शंकरपाळीचा झाला भुगा.

टोकी कडेला बसली.  तिला एकदम पिल्लं आठवली. आज शंकरपाळी गेली. उद्या पिल्लं रस्त्यात असली तर?

टोकी उठली. टेंपो टपरीपाशी जाऊन थांबला होता. टोकी गेली त्याच्यामागे. तुरुतुरु तुरुतुरु.

"टेंपो, टेंपो, नीट बघशील का?
शंकरपाळीचा झाला भुगा,
आता माझी पिल्लं रस्ता ओलांडणार कशी?"

टेंपो ओशाळला. म्हणाला, परवा मी म्हशीला बस समजलो. काल मैलाच्या दगडाला हॉर्न दिला, तो हलेचना.

"माझे दिवे मिणमिण. मी नाही बघणार. मामा मला गॅरेजात नेईल, तेव्हा बघीन."

टोकी गेली दौलतमामाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. दौलतमामा टेंपो चालवायचा. आता तो बाकावर बसून चहा पीत होता. फुर्र फुर्र.

"मामा, मामा, टेंपो नेशील का?
टेंपो बघेना,
शंकरपाळीचा झाला भुगा,
आता माझी पिल्लं रस्ता ओलांडणार कशी?"

मामा म्हणाला, दिवे कशाला हवेत? पंधरा वर्षं याच रस्त्याने जातो. अंदाजाने जातो.

टोकी म्हणाली, "पण मामा, मी तुझ्या अंदाजात नव्हते."

मामाने कप खाली ठेवला. 

"बरं. पण मी आत्ता नाही नेणार. कुंदाताई दिवे लावेल, तेव्हा नेईन."

टोकी गेली कुंदाताईकडे. तुरुतुरु तुरुतुरु. कुंदाताईचं होतं गॅरेज. हात काळे, गाल काळे, नाकावरही काळा ठिपका.

"ताई, ताई, दिवे लावशील का?
मामा नेईना,
टेंपो बघेना,
शंकरपाळीचा झाला भुगा,
आता माझी पिल्लं रस्ता ओलांडणार कशी?"

ताईने बोटाने दाखवलं. कोपऱ्यात होती हत्यारांची पेटी. पेटीवर झोपला होता कुत्रा. त्याचं नाव ढोल्या. उठवायला गेलं की गुरगुरायचा. ताई सकाळपासून नुसती बसून होती.

"हत्यारं पेटीत. मी नाही दिवे लावणार. ढोल्या उठेल, तेव्हा लावीन."

टोकी गेली ढोल्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. घुर्रर्र... घुर्रर्र... ढोल्या घोरत होता. टोकीने त्याच्या कानात म्हटलं,

"ढोल्या, ढोल्या, उठशील का?
ताई लावेना,
मामा नेईना,
टेंपो बघेना,
शंकरपाळीचा झाला भुगा,
आता माझी पिल्लं रस्ता ओलांडणार कशी?"

ढोल्याने एक डोळा उघडला. दुसरा उघडायचा त्याला कंटाळा आला. काल रात्रभर कोंबडा आरवत होता, त्याने माझ्या झोपेचं खोबरं केलं, असं तो म्हणाला.

"मी नाही उठणार. कोंबडा गप्प बसेल, माझी झोप होईल, तेव्हा उठीन."

टोकी गेली कोंबड्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. कोंबडा बसला होता कुंपणावर. रात्र पडत होती आणि हा ओरडत होता, कुकूच कू! कुकूच कू!

"कोंबड्या, कोंबड्या, गप्प बसशील का?
ढोल्या उठेना,
ताई लावेना,
मामा नेईना,
टेंपो बघेना,
शंकरपाळीचा झाला भुगा,
आता माझी पिल्लं रस्ता ओलांडणार कशी?"

कोंबड्याचा घसा बसला होता. तो म्हणाला, मी तरी काय करू? खांबावरचा दिवा लागला, की मला वाटतं सकाळ झाली. विझला, की वाटतं रात्र झाली. पुन्हा लागला, की पुन्हा सकाळ! आज संध्याकाळपासून सतरा सकाळी झाल्या.

"मी नाही गप्प बसणार. खांबाची लुकलुक थांबेल, तेव्हा गप्प बसेन."

एवढ्यात दिवा लागला. कुकूच कू! अठरावी सकाळ झाली.

टोकी गेली खांबाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. उंच उंच खांब. वर दिवा. लुक लुक. लुक लुक. टोकीने मान वर केली. आणखी वर केली. इतकी वर केली, की ती उताणी पडली. पडल्या पडल्याच म्हणाली,

"खांबा, खांबा, लुकलुक थांबवशील का?
कोंबडा गप्प बसेना,
ढोल्या उठेना,
ताई लावेना,
मामा नेईना,
टेंपो बघेना,
शंकरपाळीचा झाला भुगा,
आता माझी पिल्लं रस्ता ओलांडणार कशी?"

खांब हसत होता. खी खी खी. त्याच्या अंगावर चढली होती दोडक्याची वेल. ती पार दिव्यापर्यंत पोचली होती. तिथे ती त्याला गुदगुल्या करायची. खांबाला हसू आलं, की दिवा मिटायचा.

"मी नाही थांबवणार. खी खी. वेल खाली उतरेल, तेव्हा थांबवीन. खी खी खी."

टोकीने वेलीला हाक मारली.

"वेली, वेली, खाली उतरशील का?
खांबाची लुकलुक थांबेना,
कोंबडा गप्प बसेना,
ढोल्या उठेना,
ताई लावेना,
मामा नेईना,
टेंपो बघेना,
शंकरपाळीचा झाला भुगा,
आता माझी पिल्लं रस्ता ओलांडणार कशी?"

वेल थरथरली. हळूच म्हणाली, खाली शेळी आहे. तिने माझी पानं खाल्ली. कालची खाल्ली, आजची खाल्ली. मी भिऊन वर वर पळाले. आता वर जायला जागाच उरली नाही.

"मी नाही उतरणार. शेळी माझी पानं सोडेल, तेव्हा उतरीन."

टोकी गेली शेळीकडे. आता ती दमली होती. तुरु... तुरु... तुरु. शेळी खांबाजवळ खुंट्याला बांधलेली होती. पानं खात होती. कचर कचर. कचर कचर. टोकीने मोठा श्वास घेतला.

"शेळीबाई, शेळीबाई, पानं सोडशील का?
वेल उतरेना,
खांबाची लुकलुक थांबेना,
कोंबडा गप्प बसेना,
ढोल्या उठेना,
ताई लावेना,
मामा नेईना,
टेंपो बघेना,
शंकरपाळीचा झाला भुगा,
आता माझी पिल्लं रस्ता ओलांडणार कशी?"

शेळी म्हणाली, मला ही पानं मुळीच आवडत नाहीत. कडू लागतात. तिकडे बाभळीखाली शेंगांचा सडा पडलाय. मला शेंगाच हव्यात. पण माझं दावं आखूड. तोंड पोचतं ते फक्त इथे.

टोकीने दावं बघितलं. दावं आखूड नव्हतंच! शेळी खुंट्याभोवती फिरली होती. एकदा, दोनदा, तीनदा, सात वेळा फिरली होती. सगळं दावं खुंट्याला गुंडाळलं होतं.

टोकी म्हणाली, "शेळीबाई, उलटी फिर."

शेळीने विचारलं, "उलटी म्हणजे कशी?"

"माझ्या मागून ये."

टोकी पुढे. शेळी मागे. गरगर गरगर. एक वेढा सुटला. गरगर गरगर. दोन वेढे सुटले. टोकीला चक्कर आली. ती बसली. पुन्हा उठली. तीन सुटले. चार सुटले. पाच, सहा, सात! दावं झालं लांबच लांब.

शेळी गेली बाभळीखाली. शेंगा खाऊ लागली. कटर कटर.

शेळीने पानं सोडली.
वेल सरसर खाली उतरली, कुंपणावर पसरली.
खांबाची लुकलुक थांबली. दिवा लागला तो लागलाच.
कोंबड्याने वाट बघितली. दिवा विझेना. मग तो इतकंच म्हणाला, की ही सकाळ बरीच लांबली. चोच पंखात खुपसून गप्प बसला.
ढोल्या झोपला. छान झोपला.

टोकी घरी गेली. पिल्लांना कुशीत घेऊन तीही झोपली.

सकाळ झाली. खरी सकाळ. कोंबडा एकदाच आरवला. ढोल्याने दोन्ही डोळे उघडले. मोठ्ठा आळस दिला. पेटीवरून खाली उतरला. धप्प!

ताईने पेटी ओढली. खडखड खडखड. मामाला बोलावलं. मामाने टेंपो नेला. फट् फट् फट् फट्.

ताईने दिव्यांवरचा चिखल पुसला. जुने बल्ब काढले. नवे बसवले. झाडाकडे बघणारा दिवा धरला आणि रस्त्याकडे वळवला. फार वर नको, समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. फार खाली नको, लांबचं दिसत नाही. अगदी बरोब्बर.

काम करता करता ताई मामाला चांगलीच बोलली. टोकी मेली असती तर, असं तिने विचारलं.  मामा टपरीवर गेला आणि पाच शंकरपाळ्या घेऊन आला. चार पिल्लांच्या आणि एक टोकीची. टोकीच्या दगडापाशी त्याने त्या कागदावर मांडून ठेवल्या.

"टोकी, चुकलं माझं," मामा म्हणाला.

बिळातून लांब नाक बाहेर आलं. हुं हुं वास घेतला. एक एक शंकरपाळी आत गेली. कागदही आत गेला.

संध्याकाळ झाली. अंधार पडला. टोकी निघाली पिल्लांना घेऊन. चिचुंद्रीची पिल्लं कशी चालतात माहीत आहे? पहिल्याने आईची शेपटी तोंडात धरायची. दुसऱ्याने पहिल्याची. तिसऱ्याने दुसऱ्याची. चौथ्याने तिसऱ्याची. झाली आगगाडी! तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु.

आगगाडी रस्त्याच्या मध्ये आली. आणि लांबून आवाज आला. फट् फट् फट् फट्.

टोकी जागच्या जागी थांबली.

पण आज दिवे होते लख्ख! टेंपोला टोकी दिसली. टोकीमागे चार पिल्लं दिसली. मामालाही दिसली. लांबूनच दिसली. मामाने ब्रेक दाबला. टेंपो थांबला. चांगला दहा पावलं अलीकडेच थांबला.

टोकी पुन्हा चालू लागली. आगगाडी पलीकडे पोचली. टोकीने मागे वळून मोजलं. एक. दोन. तीन. चौथं कुठे?

चौथं रस्त्याच्या मध्येच होतं. त्याने शेपटी सोडली होती. कारण त्याला रस्त्यावर कोणीतरी दिसलं होतं. काळं काळं. लांबच लांब. हे एवढं मोठं नाक!

ती होती त्याचीच सावली.

पिल्लाने नाक हलवलं. सावलीने नाक हलवलं. पिल्लाने उडी मारली. सावलीने उडी मारली. मग पिल्लू नाचू लागलं. ता थै ता थै. सावलीही नाचू लागली.

मामाने हॉर्न दिला नाही. टेंपोही फट् फट् करायचा थांबला. दोघे बघत राहिले. नाच संपेपर्यंत बघत राहिले.

टोकी आली. तिने पिल्लाची मानगूट धरली, उचललं आणि पलीकडे नेलं. मग टेंपो निघाला. हळू हळू. फट्... फट्... फट्.

बांधावर पोटभर किडे खाऊन झाले. तेव्हा ते चौथं पिल्लू बाकीच्यांना म्हणालं,

"मी इतका मोठा आहे ना, की मला बघून टेंपोसुद्धा थांबतो."