अकरा शेपट्यांचा बोगदा

माळाच्या एका टोकाला ओस पडलेले वारूळ होते आणि त्यात एक उंदीर राहत असे. भित्रा म्हणजे किती भित्रा! पान पडले तरी तो कोपऱ्यात दडून बसे. वारुळाला दार एकच होते. त्या दारातून कधीतरी नाग आत शिरणार, या धास्तीने त्याला घास गोड लागत नसे. जीव रमवायला तो ओल्या मातीच्या लहान लहान वस्तू करी. हौस दांडगी, पण तडीस काही जात नसे. कोपऱ्यात बिनपायांचे कासव होते, एका पंखाची टिटवी होती आणि नुसतेच डोके झालेले माकड होते.

एकदा त्याने आपल्याच वारुळाची छोटी प्रतिकृती करायला घेतली. बोगदा तो शेपटीने मोजी. एका शेपटीला ज्वारीच्या एका दाण्याएवढी माती, असा त्याचा हिशेब. वरचे बोगदे झकास झाले. मग एके दिवशी दाराशी माती घ्यायला गेला असता शिक्र्याने झडप घातली. उंदीर वाचला, पण शेपटीचा शेंडा गेला. तो इतका घाबरला होता, की शेंडा गेल्याचे दुःख करायलाही त्याला सुचले नाही. चार दिवसांनी त्याने मधले बोगदे मोजले, माती लावली आणि पाहतो तर काय, काहीच जुळेना! एक बोगदा तर भिंत फोडून बाहेर आलेला. "मला नाहीच जमायचं," असे म्हणून त्याने प्रतिकृती कोपऱ्यात कासवाशेजारी ढकलली.

पलीकडच्या भेगेत राहणारी मुंगी साखरेचा कण ओढत चालली होती. ती थांबली. "उंदीरदादा, हात चुकला नाही हो तुमचा. माप चुकलंय. अर्धं काम लांब शेपटीनं केलंत, अर्धं आखूड शेपटीनं!"

उंदराने मागे वळून पाहिले आणि तो ओशाळला. "म्हणजे सगळं पुन्हा मोजायचं? आणि तो खालचा बोगदाही?" खालच्या बोगद्यात तो जन्मात गेला नव्हता. तिथून गार वारा येई आणि कसलीशी सळसळ ऐकू येई. मुंगी म्हणाली, "सगळा आज नका मोजू. आज एक शेपूट पुढं जा, तेवढीच माती लावा आणि परत या. उद्याचं उद्या."

मुलांनो, वरचे आणि मधले बोगदे तर त्याने भराभर मोजले. खालच्या बोगद्यात मात्र रोज एकच शेपूट. पहिल्या दिवशी तो डोळे मिटूनच गेला आणि डोळे मिटूनच परत आला. पाचव्या दिवशी सळसळ अगदी डोक्यावर आली, तेव्हा तो किंचाळून पळून आला. पण मातीचा दाणा लावायला विसरला नाही. अकराव्या दिवशी नाक भिंतीला टेकले. बोगदा संपला होता. त्याने शेवटचा दाणा लावला आणि तो बघतच राहिला. पाताळात जातो असे वाटलेला तो बोगदा वळून वर आला होता आणि बाहेरच्या कडेपासून जेमतेम एक शेपूट दूर होता. सळसळ होती ती बाहेरच्या बोराटीच्या पाल्याची!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दारातला उजेड एकाएकी गेला. नाग आत येत होता. उंदराची पाचावर धारण बसली. पण पाय आपोआप खाली वळले. डोळ्यांना काही दिसत नव्हते. तो मोजत पळाला. चार शेपट्या, उजवीकडे. तीन शेपट्या, डावीकडे. मग चार, वर. मागून अंग घासत येणारा आवाज जवळ आला. त्याने दोन्ही पंजांनी माती उकरली, आणखी उकरली, आणि एकदम डोळ्यांवर ऊन आले. नागाचे तोंड भोकातून बाहेर येईतो तो बोराटीच्या काट्यांत खोल शिरला होता.

वारूळ आता नागाचे झाले. संध्याकाळी मुंगी काट्यांत आली. "दादा, तुमची प्रतिकृती त्याच्या वेटोळ्याखाली चुरा झाली हो. पाहून आले मी."

उंदराचे बोराटीखाली नव्या बिळाचे तोंड तेवढे उकरून झाले होते. त्याने आखूड शेपटी जमिनीला लावली, चिमूटभर ओली माती उचलली आणि नव्या घराची प्रतिकृती करायला घेतली. या वेळी त्याने सुरुवात मागच्या दारापासून केली.

तात्पर्य : हौसेने हाती घेतलेले काम भीती वाटली तरी रोज थोडे थोडे करून पुरे करावे; केलेली वस्तू मोडेल, पण ती पुरी करताना कळलेली वाट आपलीच राहते.