वडजीच्या गादीचा कापूस

“...पण हक्क कुणाचा, बाबा? थोरला मी, की पट्टराणीच्या पोटचा तो?”

हैबतरावांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं. दावलशा पिंजारी कुणाच्या तरी रजईचा कापूस पिंजत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

वडजीचे राजे जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते आणि दोन्ही पोरं नदीच्या दोन काठांवर फौजा घेऊन बसली होती. अलीकडे हैबतराव, थोरले, पण धाकट्या राणीचे. पलीकडे मानाजी, धाकटा, पण पट्टराणीचा. उद्या उजाडताच तलवारी भिडायच्या होत्या.

दोघंही या पिंजाऱ्याला लहानपणापासून गुरू मानत. हैबतराव आज आले होते ते आशीर्वाद घ्यायला. अक्कल घ्यायला नव्हे! ती आपल्याकडे भरपूर आहे, अशी त्यांची खात्री होती.

“बाबा, ऐकताय ना?”

“ऐकतोय की. हात रिकामे आहेत का तुझे?”

“आहेत.”

“मग वेच.”

दावलशानं राजगादीतून काढलेल्या पिवळट कापसाचा ढीग त्यांच्यापुढे लोटला.

वडजीची ती रीतच होती. राजा गेला की गादी उसवायची, जुनाच कापूस पिंजून पुन्हा भरायचा. नवं बोंडही त्यात पडू द्यायचं नाही. आणि पिंजण्याआधी, ज्याला बसायचंय त्यानं स्वतःच्या हातानं काडीकचरा वेचायचा.

हैबतराव खूश झाले. म्हाताऱ्यानं कौल दिला म्हणायचा! बाह्या सारून ते वेचायला बसले.

थोडा वेळ बरं चाललं. मग बोटांना काहीतरी टणक लागलं. काळपट, चिकटून बसलेली गाठ. मग आणखी एक.

“बाबा, ही सरकी नाही.”

“नाही.”

“मग काय आहे?”

“तुझा काका. जावळजी.”

“काका? ...काका तर काशीला गेले होते!”

“तसंच सांगतात लेकरांना. तुझ्या बापानं गादीवरच गाठलं त्याला. मीच पिंजला होता कापूस. पण रक्त लई चिवट, सगळं निघत नाही.”

हैबतरावांच्या हातातली गाठ हातातच राहिली.

काकाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांपुढे आला तो मानाच. सात वर्षांचा, नदीत गटांगळ्या खाणारा, “दादा, सोडू नको रे!” म्हणून गळ्याला मिठी मारणारा. त्याला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांनी ती गाठ हळूच ढिगावर परत ठेवली.

“मला नाही बसायचं,” हैबतराव म्हणाले.

बोलले आणि स्वतःच दचकले. मग छातीवरची धोंड कुणी उचलून बाजूला ठेवावी तसा त्यांना मोठा श्वास आला. राजे गेल्यापासून असा श्वास आला नव्हता.

लगेच दुसरी भीती उभी राहिली.

“पण माना? तो तर उद्या चालून येणार!”

“तो सकाळी येऊन गेला. अर्धा ढीग त्यानं वेचला.”

“त्याला... काय सापडलं?”

“तुझ्या आजोबांचा भाऊ.”

“आणि म्हणाला काय?”

“तू म्हणालास तेच. वर रडला. लहानपणापासून रडकाच आहे तो.”

“अहो, मग आल्या आल्या का नाही सांगितलंत!”

“तू वेचला नव्हतास ना अजून.”

हैबतराव आधी हसले. मग हसता हसता त्यांचेही डोळे भरले. सुटलो रे देवा, सुटलो! दाढीमिशांत कापूस अडकला होता, त्याचंही त्यांना भान नव्हतं. उठले आणि तडक नदीकडे निघाले.

दारात मात्र थबकले.

“बाबा, मी नाही, तो नाही... मग गादीवर बसायचं कुणी?”

दावलशानं गादीची रिकामी मखमली खोळ मांडीवर ओढली आणि तिच्या शिवणीला कात्री लावली.

“दोघंही थांबा दोन दिवस. जरा रुंद शिवतो.”