एफच्या पुढचे शब्द

खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावाला इंग्रजी शब्दांच्या खेळाचं भारी वेड होतं. बोटीवर नोकरी केलेला एक खलाशी म्हातारपणी गावी परतला, तेव्हा त्याने हा खेळ सोबत आणला होता. चौकटींचा एक पट, पिशवीभर लाकडी अक्षरं आणि एक जाडजूड शब्दकोश. खलाशी गेला, खेळ राहिला. पुढे वाचनालयाच्या कपाटाला वाळवी लागली आणि तिने शब्दकोश मागच्या पानापासून खायला घेतला. लोकांच्या लक्षात येईपर्यंत ती एफ अक्षरापाशी येऊन पोचली होती.

मग जीपासून पुढच्या शब्दाबद्दल शंका आली तर करायचं काय? गावाने तोडगा काढला. ज्याने शब्द मांडला त्याने उभं राहून अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी तो मानायचा. ‘एफपर्यंत पुस्तक, पुढे माणूस’ अशी म्हणच पडली. पोरीसाठी स्थळ बघायला गेलेले लोकसुद्धा ती म्हणायचे.

या गावात एक मास्तर होते. शाळेतून निवृत्त झाले, पण शब्द गोळा करायचा नाद काही सुटला नाही. इतरांनी आपलं ‘कॅट’ नि ‘रॅट’ मांडावं आणि मास्तरांनी ‘झॅक्स’ मांडून शांतपणे सांगावं, “छपराच्या दगडी पाट्या तासायचं हत्यार.” काखेला ‘ऑक्स्टर’ म्हणतात हे त्यांच्याकडून कळल्यापासून तर गावात ‘ऑक्स्टरमध्ये कळसा नि गावाला वळसा’ म्हणायची टूम निघाली होती. मास्तरांचा शब्द कधी कुणी तपासला नाही. तपासणार तरी कशात?

एका वर्षी गावातल्या स्पर्धेच्या शेवटच्या डावात मास्तरांसमोर नर्सबाई होत्या. सरकारी दवाखान्यात जन्मभर नोकरी केलेल्या, कमी बोलणाऱ्या. बाई गुणांनी थोड्या पुढे होत्या, पिशवी रिकामी झाली होती आणि मास्तरांच्या हाती क्यू अडकला होता. या खेळात क्यू म्हणजे अवघड जागेचं दुखणं, त्याचे शब्द मोजकेच. मास्तरांनी डोक्यातले सगळे शब्द धुंडाळले, एकही बसेना. हरायची तर त्यांना सवयच नव्हती. मग त्यांनी अक्षरं मांडली: ‘क्वोलेम’.

“अर्थ, मास्तर?” बाईंनी विचारलं.

मास्तर उभे राहिले. “पाहुणे निघून गेल्यावर घरात जी शांतता उरते, ती.”

बाई हरल्या. पण त्या उठल्या नाहीत, पटावरच्या त्या अक्षरांकडे बघत राहिल्या. त्यांचा मुलगा सुट्टी संपवून सहकुटुंब नुकताच परत गेला होता. “याला शब्द आहे हे मला ठाऊकच नव्हतं, मास्तर,” त्या म्हणाल्या.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण तोवर मास्तरांच्या हाती मानाचा नारळ आला होता, आणि नारळ हातात असला की जीभ जड होते.

शब्द मात्र गावभर झाला. गणपती बोळवून आले की बायका म्हणायच्या, “आज अगदी क्वोलेम वाटतंय, बाई.” तो शब्द कानावर पडला की मास्तर वाट बदलायचे.

पुढे खाडीपलीकडच्या गावाशी सामना ठरला. कितीतरी वर्षं चषक तिकडेच जाऊन बसला होता. या गावाकडून मास्तर आणि नर्सबाई निघाले; चषक आणायचा तर दोघांनीही आपापला डाव जिंकायला हवा होता. होडीत बाई म्हणाल्या, “आज क्यू येऊ दे नुसता हाती. तुमचा शब्द तयार ठेवलाय.” मास्तरांनी होडीवाल्याला भरतीची वेळ विचारली.

मास्तरांनी आपला डाव जिंकला. बाईंचा डाव रंगत गेला, आणि अगदी शेवटी त्यांच्या हाती क्यू आला. दुसऱ्या कुणाला घाम फुटला असता. बाईंनी हसून ‘क्वोलेम’ मांडला. त्यांच्यासमोर खेळणाऱ्या, तिकडच्या औषधांच्या दुकानदारांनी शंका घेतली. त्या गावाचा शब्दकोश धडधाकट होता. पंच म्हणून बसलेल्या मुख्याध्यापिकांनी पानं उलटली, पुन्हा उलटली.

“यात नाही हा शब्द.”

“मग पुस्तक जुनं असेल,” बाई म्हणाल्या. “शब्द आमच्या मास्तरांचा आहे.”

मास्तरांची कीर्ती खाडी ओलांडून कधीच पोचली होती. पंचबाईंनी चष्मा काढला. “मास्तर, तुम्हीच सांगा. तुम्ही ‘हो’ म्हणालात तर मी मानते.”

एक ‘हो’ म्हटलं की चषक घरी येणार होता आणि या जन्मात कुणाला काही कळणार नव्हतं. मास्तरांनी नर्सबाईंकडे पाहिलं. बाई उरलेली अक्षरं नीट लावत बसल्या होत्या. मास्तर काय म्हणतील हे वळून बघायचीही त्यांना गरज वाटली नव्हती.

“नाही,” मास्तर म्हणाले. “असा शब्द नाही. हरायचं नव्हतं म्हणून मी तो रचला.”

बाईंनी अक्षरं उचलून घेतली. डाव गेला, चषक तिथेच राहिला. परतताना होडी मध्यावर आली तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, “मुलाला सांगितला होता मी तो शब्द. आता त्याला काय सांगू?”

गावाने वर्गणी काढून नवा शब्दकोश आणला. एकमेकांचे शब्द लोक सवयीने तसेच मानत, मास्तरांनी मांडला की मात्र, “मास्तर, जरा पुस्तक!” एकदा त्यांनी साधं ‘मिल्क’ मांडलं, तर कुणीतरी त्याचाही पुरावा मागितला. सगळे हसले. मास्तरांनी मुकाट्याने पान काढून दाखवलं. त्यानंतर कुणी मागायच्या आत ते स्वतःच पुस्तक उघडू लागले. बरेच महिने असे गेले.

एका दुपारी नर्सबाईंशी खेळताना मास्तरांनी ‘ऊलू’ मांडला आणि सवयीने शब्दकोशाकडे हात नेला. बाईंनी पुस्तकावर आपला हात ठेवला.

“राहू द्या ते,” त्या म्हणाल्या. “उभं राहून अर्थ सांगा.”

मास्तर उभे राहिले. बर्फाच्या मुलखातल्या बायका जी सुरी वापरतात, तिला ऊलू म्हणतात. एवढंच सांगायचं होतं, ते त्यांनी दोनदा सांगितलं. बाईंनी पुस्तक न उघडता गुण लिहून घेतले.

खाडीकाठची माणसं याचं तात्पर्य सांगतात ते असं: विश्वास जायला एक खोटा शब्द पुरतो, तो परत यायला मात्र खरं बोलूनही पुष्कळ दिवस पुस्तक उघडून दाखवावं लागतं.