मदरबोर्डचा मान

राजा मकरध्वजाचा घोडा रोज संध्याकाळी एकाच खंदकापाशी अडकायचा. टापा हवेत, शेपूट ताठ, आणि घोडा जागच्या जागी! घोडा संगणकातला, खंदकही संगणकातलाच. हार मात्र खरी होती. शेजारच्या राज्याचा राजा रोज मकरध्वजाशी हा खेळ खेळे, जिंके आणि सकाळी गवताची एक पेंढी भेट पाठवी. सोबत निरोप असे, "घोडा उभ्या उभ्या दमला असेल, त्याला घाला."

पेंढ्यांची गंजी राजवाड्याच्या सज्जाला टेकली, तेव्हा महाराजांनी गणोजी तांबटाला बोलावून घेतलं. तांबट आळीत पूर्वी हंडे ठोकत. हंड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तशी आळी संगणक जोडू लागली.

"नवा संगणक जोड," महाराज म्हणाले. "ही थैली. हिच्यावर दमडी मिळणार नाही!"

गणोजीनं थैली तोलून पाहिली. "बेतानं बसवू, महाराज. मदरबोर्ड साधा घेऊ, म्हणजे..."

"मदर म्हणजे काय?"

प्रधान पुंडरीकशास्त्री घसा खाकरून पुढे झाले. परका शब्द कानावर पडला की त्याचं बारसं केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. "मदर म्हणजे माता, महाराज. मातृफलक!"

"आणि हा माझ्या पेटीत साधी आई बसवणार?" महाराज गरजले.

हुकूम तिथल्या तिथे सुटला. पेटीतल्या कोणत्याही भागाचा मान आईपेक्षा मोठा असता कामा नये. थैली वाढणार नाही. घोडा खंदक ओलांडून गेलाच पाहिजे. यातलं काहीही चुकलं, तर गणोजीच्या दुकानाला कायमचं टाळं! उद्या दुपारी दरबारात हजर!

गणोजी घरी आला आणि भिंतीला पाठ लावून बसला. त्याची लेक चिमा दुकानात बसायची. बापाचा चेहरा पाहून तिनं विचारलं, "आबा, कोण गेलं?"

"दुकान जाणार, पोरी! भारी बोर्ड घेतला तर थैली तिथेच संपते. चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड घ्यायला काही उरत नाही, आणि कार्डाशिवाय घोडा अडणारच. बरं, कार्ड भारी घ्यावं, तर आईचा अपमान!"

"बोर्डाचं काम काय असतं?"

"सगळ्यांना धरून ठेवायचं. प्रोसेसर नीट बसला, कार्डाला जागा मिळाली, वीज सांभाळून दिली, की झालं. जास्तीच्या खाचा रिकाम्याच राहतात."

"मग साधाच घ्या."

"आणि टाळं?"

"टाळ्याचं मी बघते. उद्या दरबारात तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"ते जमेल," गणोजी म्हणाला. "तुझ्या आईनं ती सवय कधीच लावलीय."

दुसऱ्या दिवशी चिमानं जोडलेला संगणक दरबारात मांडला. पण प्रधानही रिकाम्या हातानं आले नव्हते. राजवाड्याला सामान पुरवण्याचा मक्ता त्यांच्या मेहुण्याकडे होता, हा निव्वळ योगायोग. मेहुण्यानं एक मदरबोर्ड आणला होता. त्याच्या कडेनं लाल, हिरवे, जांभळे दिवे पळत होते.

"महाराज, माता असावी तर अशी!" प्रधान म्हणाले. "किंमत अख्ख्या थैलीएवढी, पण काय तेज!"

चिमानं खिशातून एक प्रोसेसर काढला. "आमच्या पेटीत आहे तसलाच हा. बसवून दाखवा."

मेहुण्यानं तो उलटा ठेवला, सुलटा ठेवला, आडवा धरला. बसेना. "जरा दाबू का?"

"दाबा की. पिना मोडतील, पण तुम्ही दाबा." चिमा महाराजांकडे वळली. "ही आई आहे खरी, महाराज. पण दुसऱ्याच्या पोराची! आपलं पोर हिच्या मांडीवर बसत नाही."

दरबारात खसखस पिकली. महाराजांनी चिमाचा संगणक सुरू केला, घोडा सोडला आणि श्वास रोखला. खंदक आला. घोडा उडाला, पार झाला आणि पलीकडच्या माळावर दौडत निघाला! महाराज सिंहासनावरून अर्धे उठले.

"थांबा!" प्रधान ओरडले. "हुकूम तो हुकूम! हिच्या बोर्डापेक्षा कार्ड महाग आहे का, ते आधी विचारा!"

महाराज नाइलाजानं बसले. "काय गं, आहे का?"

"आहे, महाराज. पुष्कळ महाग आहे."

गणोजीनं डोळे मिटले. शिपायानं टाळं पुढे आणलं.

"म्हणजे आईवर खर्च करताना तू हात आखडलास!" महाराज म्हणाले.

"मी आईलाच विचारलं, महाराज. म्हटलं, बाई, तुझ्यासाठी काय भारीतलं घेऊ? ती म्हणाली, मला मेलीला काय करायचंय? पोरांना घ्या!"

पडद्याआडून राजमातांचं हसू ऐकू आलं.

"थापा!" प्रधान कडाडले. "फळी कधी बोलते का?"

"बोलत नाही ना?" चिमा म्हणाली. "मग वाद मिटला, शास्त्रीबुवा! ती आई असेल, तर असंच बोलणार, आणि आम्ही तिचा शब्द पाळला. आणि बोलत नसेल, तर ती नुसती फळी. फळीचा कसला आलाय मान आणि कसला अपमान?"

प्रधानांनी मेहुण्याला दिव्यांचा बोर्ड गुंडाळायची खूण केली.

"अरे मकरध्वजा," पडद्याआडून राजमाता म्हणाल्या, "या पोरीनं माझं रोजचं वाक्य चोरलंय!"

आता मात्र महाराज मांडीवर थाप मारून हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "गणोजी, आजपासून राजवाड्याचा मक्ता तुझा! आणि पोरी, तुला काय देऊ? माग!"

"आमच्या दुकानाला बोर्ड नाही, महाराज," चिमा म्हणाली. "तो दिव्यांचा द्या. दारावर टांगायला झकास आहे!"